काही विचारायचंय का?

मला लोक संशयी म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण मेलबर्नच्या कॉलिन्स स्ट्रीटवरच्या ऑफिसांच्या भिंती काचेच्या असतात आणि मला ओठ वाचता येतात. मी स्वतःला सावध म्हणते. पंधराएक वर्षं वकिली केली, त्यात संशयाचाच पगार मिळत होता. समोरच्याने 'काळजी करू नका' म्हटलं की आपली काळजी सुरू व्हायची, आणि तासाच्या हिशेबाने तिचं बिल लागायचं.

माझं काम विजेच्या व्यवहारांचं. वारा पडला तर नुकसान कोणाचं, तार तुटली तर कोणी बोंबलायचं, शेजारच्या मेंढपाळाला आवाजाचा त्रास झाला तर त्याची समजूत कोणी काढायची, असली कलमं मी लिहायचे. लिहायचे चांगली. पण कुठलाही प्रकल्प घ्यायचा की नाही, हे मला कधी कोणी विचारलं नाही. माझे वडील मॉरवेलला कोळशाच्या वीजकेंद्रात बॉयलरवर होते. ते केंद्र बंद व्हायचं ठरलं त्या दिवशी ते जेवणाचा डबा हातात धरून स्वयंपाकघरात उभे राहिले आणि मला म्हणाले, "तू त्यांच्यातली ना? मग हे ठरवतं कोण?" मला सांगता आलं नाही. ठरवणारे लोक टेबलाच्या पलीकडे बसतात आणि आमच्यासारख्यांनी आणलेल्या कागदांवर सह्या करतात, एवढंच मला ठाऊक होतं. मला त्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसायचं होतं. बाकी ध्येय वगैरे जे मी मुलाखतीत बोलले, ते मुलाखतीपुरतं होतं.

कॉन झाफिरिसने मला तिकडे नेलं. परिचारिका, ट्रामचालक, शाळेतल्या मावश्या यांच्या पगारातून म्हातारपणासाठी जे पैसे कापले जातात, ते गुंतवणाऱ्या एका मोठ्या फंडाचा तो प्रमुख. अंगाने आडवा, आवाजाने उभा. त्याने मला कामावर घेताना कारण सांगितलं ते असं: "आमच्याकडे सगळे आशावादी भरलेत. एक तरी रडकं माणूस पाहिजे."

ऊर्जा गुंतवणुकीच्या प्रमुखाची खुर्ची तेव्हा रिकामी होती. कॉनने मला तिच्यावर बसवलं, पण हंगामी. काही महिन्यांनी त्याने मला बोलावलं आणि दार लावून घेतलं. आमच्याकडे दार लावणं हे वाईट लक्षण असतं.

"डॉग ट्रॅप रिज," तो म्हणाला. "हॅमिल्टनच्या पुढे, टेकडीवर पवनचक्क्या आहेत. मालकांना विकायच्यात. हा व्यवहार तुझा. नीट केलास तर खुर्ची तुझी, कायमची. नाही केलास तर खाली कायदा विभागात जागा आहे. तिथे तुला फार आवडेल, खिडकी नाही."

"आणि हामिश?" मी विचारलं. हामिश ड्रमंड माझ्या हाताखाली आकडेमोड करायचा. पहिल्या नोकरीपासून याच धंद्यात. मी यायच्या आधी ही खुर्ची आपल्याला मिळणार असं त्याने घरी सांगून टाकलं होतं, हे मला त्याच्या बायकोकडूनच कळलं होतं.

"हामिश तुला मदत करेल," कॉन म्हणाला.

हे वाक्य मी मनातल्या मनात तपासून पाहिलं. मला ते फारसं पटलं नाही.

मग कळलं की विकणाऱ्यांचा वकील डेसमंड ऑर्चर्ड आहे.

डेस म्हणजे माझा गुरू. मी फर्ममध्ये रुजू झाले तेव्हा पहिल्याच दिवशी त्याला मिस्टर ऑर्चर्ड म्हणाले, तर म्हणाला, "ते माझे वडील. ते वारले." तेव्हापासून तो डेस, आणि मी फिलिपाची पिप झाले. मला जे येतं ते सगळं त्याने शिकवलेलं. वाक्य कुठे तोडायचं, समोरच्याला बोलू देऊन आपण चहात साखर कशी ढवळत बसायचं, हेसुद्धा. मी वकिली सोडून पैशांच्या बाजूला जाते म्हटल्यावर फर्ममधले बाकीचे रुसले. डेसने मला पबमध्ये नेलं आणि ग्लासवर ग्लास आपटून म्हणाला, "जा. बाजू बदलशील, डोकं थोडंच बदलणारे." मला ते कौतुक वाटलं. सगळ्या जगावर मी संशय घ्यायचे, एका डेसला सोडून.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. असा प्रकल्प विकताना विकणारा लिहून देतो की यंत्रं धड आहेत. नंतर ती मोडकी निघाली तर भरपाई मागता येते. पण करारात एक कलम असतं: घेणाऱ्याला सही करण्याआधी जे ठाऊक होतं, त्याबद्दल मागता येत नाही. माहीत असून घेतलंस ना, मग भोग. म्हणून घेणाऱ्याचे वकील आपल्या माणसांना पढवून ठेवतात की पाहणीला गेलात की डोळे उघडे ठेवा आणि तोंड बंद. विचाराल तर उत्तर मिळेल, आणि उत्तर मिळालं की ते तुम्हाला ठाऊक झालं. मी कित्येक पोरांना हे पढवलं होतं. मला डेसने पढवलं होतं.

पाहणीचा दिवस आला. मी आणि हामिश मेलबर्नहून पहाटेच निघालो. तो गाडी चालवत होता आणि क्रिकेटबद्दल बोलत होता, आणि तो क्रिकेटबद्दलच का बोलतोय याचा मी विचार करत होते. डॉग ट्रॅप रिजच्या फाटकाशी पिवळी जाकिटं घातलेली माणसं उभी होती. त्यांच्यात गमबूट घालून, टोपी एका हाताने धरून डेस उभा होता.

इथेच माझे कान टवकारले. असल्या पाहणीला फर्ममधून सगळ्यात ज्युनियर माणूस पाठवतात, ज्याचे बूट चिखलात गेले तरी चालतील. सत्तरीला टेकलेला भागीदार चार तास गाडी हाणत टेकडीवर येत नाही.

"पिप!" त्याने मला मिठी मारली. "वाळलीस. तिकडे जेवायला घालत नाहीत का?"

"तू इथे कसा?"

"म्हटलं बघावं, आमची पोरगी पैसेवाली झाल्यावर कशी दिसते."

वारा असा होता की बोललेलं शेजाऱ्यापर्यंत पोहोचत नव्हतं. टेकडीच्या पाठीवर ओळीने पवनचक्क्या होत्या आणि सगळ्या फिरत होत्या. एक सोडून. फाटकाजवळची पहिलीच चक्की ठप्प उभी होती, पाती वाऱ्याला कड देऊन. तिच्या पायथ्याशी मेंढ्या निवांत चरत होत्या. आणि डेसने आपली गाडी लावली होती ती नेमकी तिच्याच खाली. आम्हालाही तिथेच लावायला लावली.

मी मान वर करून पाहिलं. मान खाली केली तर डेस माझ्याकडे बघत होता.

"काही विचारायचंय का?" तो म्हणाला.

त्याचा चेहरा अगदी मोकळा होता. ज्या माणसाने मला न विचारायला शिकवलं, तोच मला विचार म्हणतोय. म्हणजे मी विचारावं, त्याने उत्तर द्यावं, त्याच्याबरोबर आलेल्या ज्युनियरने वहीत टिपून घ्यावं, आणि झालं, माझा हक्क बुडाला. कुठेतरी पाणी मुरतंय हे मला स्वच्छ दिसलं.

"नाही," मी म्हणाले. "छान हवा आहे."

मग आम्ही इतर चक्क्या पाहिल्या. मॅनेजर तोंडपाठ माहिती देत होता. शेडमध्ये जेवण ठेवलं होतं, सॉसेज रोल आणि सॉसची मोठी बाटली. हामिश खाता खाता दारातून त्या बंद चक्कीकडे पाहत होता. त्याच्या कपाळावर आठी आली, तोंड उघडलं, "अरे, पण ती तिकडची..." एवढं ऐकू आलं तशी मी त्याच्या पायावर पाय दिला. पण पाहणीचे बूट पुढून लोखंडी असतात, त्याला कळलंच नाही. मग मी माझ्या ताटलीतला सॉसेज रोल उचलून सरळ त्याच्या तोंडासमोर धरला.

"हा घे. मला जास्त होतोय."

"मला नको. ती तिकडची..."

"घे म्हणतेय ना."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि घेतला. डेस टेबलाच्या पलीकडून हे सगळं बघत सॉस ओतून घेत होता. "काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा हं," तो म्हणाला. "आमच्याकडे काही लपवाछपवी नाही."

मी हसले आणि मूग गिळून बसले.

निघताना तो आमच्या गाडीच्या खिडकीशी आला. वाकून, दोन्ही हात दारावर ठेवून. "पिप, नक्की काही विचारायचं नाही? इतक्या लांब आलीस."

"सगळं कळलं, डेस. सांभाळून जा."

त्याने गाडीच्या टपावर थाप मारली. आरशात तो बराच वेळ दिसत राहिला, त्या बंद चक्कीखाली, टोपी धरून.

हॅमिल्टन मागे पडल्यावर हामिश म्हणाला, "तो रोल काय होता?"

"तू विचारणार होतास."

"हो. बंद का आहे ते. वारा टोप्या उडवतोय आणि ती ढिम्म. विचारलं असतं तर?"

"उत्तर मिळालं असतं."

"मग?"

"मग ते आपल्याला माहीत झालं असतं."

त्याने गाडी चालवता चालवता माझ्याकडे पूर्ण मान वळवून पाहिलं. "वकीलबाई, मी दहा वर्षं या धंद्यात आहे. माहीत करून घ्यायलाच तर आपण गेलो होतो. मला किंमत लावायचीय. बिघाड मोठा असेल तर कमी लावू, छोटा असेल तर सोडून देऊ. न कळलेल्या गोष्टीची किंमत कशी लावू? तुझ्या चेहऱ्यावरून?"

"न कळलेल्या गोष्टीची भरपाई मागता येते."

"तू भांडणाची तयारी करतेयस. मी वस्तू घेतोय."

"रस्त्याकडे बघ," मी म्हणाले.

त्याचं बोलणं मला लागलं, पण त्याहून जास्त एक शंका मनात आली. हामिश इतका उतावीळ का होता? त्याने विचारलं असतं, माझा हक्क गेला असता, आणि मग कॉनसमोर म्हणता आलं असतं की बघा, वकील आणून काय फायदा झाला. खुर्चीवर डोळा ठेवून असलेला माणूस सहज काही विचारत नाही. डेस मला गळाला लावायला बघतोय आणि हामिश तो गळ हलवतोय, असं मी वाटेतल्या कोलॅकच्या पेट्रोलपंपावर पक्कं ठरवून टाकलं.

पुढचे दिवस मी डोळ्यांत तेल घालून काम केलं. करारात भरपाईचं कलम घट्ट केलं, त्याच्या मागे आणखी एक जोडलं. डेसच्या बाजूने काहीच खळखळ झाली नाही. मी जे मागेन ते त्याने दिलं. इतकं सहज दिल्याचं मला नवल वाटायला हवं होतं, पण मला वाटला तो अभिमान. म्हटलं, म्हाताऱ्याचा डाव आपण ओळखला, आता तो थकला. वडिलांना फोन केला तेव्हा मी म्हणाले, "बाबा, या वेळी मी ठरवतेय." ते म्हणाले, "काय ते?" मी म्हणाले, "पवनचक्क्या." त्यांनी विषय बदलला. कोळशावर आयुष्य काढलेल्या माणसाला पवनचक्कीचं कौतुक सांगू नये, एवढं मला कळायला हवं होतं.

गुंतवणूक समितीची बैठक मंगळवारी सकाळी असते. माझी शिफारस होती की घ्यावं. मी बोलले, सगळ्यांनी माना हलवल्या. कॉन हातातल्या पेन्सिलीने टेबलावर ठकठक करत होता.

"एक चक्की बंद होती म्हणे," तो म्हणाला.

मी हामिशकडे पाहिलं. हामिश आपल्या कॉफीकडे पाहत होता.

"होती," मी म्हणाले.

"का?"

"आपण विचारलं नाही. मुद्दाम." आणि मी ते कलम समजावून सांगितलं. नीट, शांतपणे, पंधरा वर्षं सांगत आले तसं. काही निघालंच तर आपला हक्क शाबूत आहे. मी तो दुप्पट घट्ट केलाय.

कॉनने ठकठक थांबवली. "बाई माझे. उद्या पैसे दिले. परवा ती कोसळली. दावा लावशील कोणावर?"

"विकणाऱ्या कंपनीवर."

"त्या कंपनीकडे हा एकच प्रकल्प आहे. तो आपल्याला विकल्यावर तिच्याकडे उरतं काय?"

"आपण दिलेले पैसे," कॉनने स्वतःच उत्तर दिलं. "आणि ते संध्याकाळपर्यंत मालकांना वाटून मोकळे होतील. मग तू तुझं घट्ट कलम घेऊन एका रिकाम्या खोलीशी भांडत बस. मला पैसे परत मागायचा हक्क नकोय, फिलिपा. मला ते जायलाच नकोत."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. असल्या रिकाम्या कंपन्या मी स्वतः उभ्या केल्या होत्या, विकणाऱ्यांसाठी. पण त्या वेळी माझं काम कलमाशी संपायचं. पुढे पैसे मिळाले की नाही हे बघायला मी कधी थांबलेच नव्हते.

"पण मी विचारलं असतं तर त्याला हवं तेच झालं असतं," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "तो तेच तर करायला आला होता. सारखा म्हणत होता, विचार, विचार. हामिश साक्षीला आहे."

"म्हणत होता खरा," हामिश म्हणाला. "तीनदा."

"का म्हणत होता?" कॉनने विचारलं.

"मला कळावं म्हणून. कळलं की हक्क गेला."

"असं?" कॉन मागे टेकला. "तुला कळण्यात त्याचा फायदा होता, तर त्याने न विचारताच सांगून का नाही टाकलं? तोंड होतं त्याला. तू समोर उभी होतीस. म्हणायचं, 'पिप, ही चक्की अमुक कारणाने बंद आहे.' एका वाक्यात काम झालं असतं. त्याला तुझ्या प्रश्नाची गरजच काय होती?"

बाहेर खाली ट्राम घंटा वाजवत गेली.

मला आधी कळलं नाही. मग एकदम कळलं आणि कानशिलं तापली. ज्याला सांगायचं असतं तो सांगतो. डेसला सांगायचं नव्हतं. आणि चार तास गाडी हाणून तो आला होता ते मी विचारू नये याची खात्री करायला. बंद चक्की लपवता येत नव्हती, म्हणून त्याने तिच्याच खाली मला उभं केलं आणि विचार म्हणाला. मी साधी, भोळी असते तर विचारलं असतं. दुसऱ्या कोणाला त्याने असं म्हटलंच नसतं. माझ्या संशयाची किल्ली त्याच्या खिशात होती, कारण ते कुलूप त्यानेच बसवलं होतं.

"फोन लावते," मी म्हणाले.

"बैठकीनंतर लाव," कॉन म्हणाला.

"आत्ता. सगळ्यांसमोर." मी फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"पिप!" डेस खूश होता. "सह्या कधी करतेस?"

"डेस, मी समितीच्या खोलीत आहे, सगळे ऐकतायत. फाटकाजवळची चक्की का बंद होती?"

"कुठली?"

"जिच्याखाली तू गाडी लावली होतीस."

"हां, ती. ते जरा तांत्रिक आहे गं. तू असं कर, लेखी पाठव. मी अशिलाशी बोलतो आणि..."

"तिथे तू मला पुन्हा पुन्हा म्हणालास, विचार. आता विचारतेय."

"तेव्हा विचारायला हवं होतंस."

"तेव्हा विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

त्याच्या खुर्चीची करकर मला ओळखू आली, त्या खुर्चीसमोर मी वर्षानुवर्षं बसले होते. मग तो बोलला ते अगदी हळू, जणू खोलीत आम्ही दोघंच होतो.

"तू विचारणार नव्हतीस, पिप."

त्याच्या आवाजात कौतुक होतं. मला तेच सहन झालं नाही. खोटं बोलला असता, हिणवलं असतं, तर मी भांडले असते. पण चांगल्या विद्यार्थिनीबद्दल बोलावं तसं तो बोलला, आणि ते खरंही होतं. मी फोन बंद केला आणि माझी शिफारस मागे घेते असं म्हणाले.

आम्ही आमचा इंजिनियर पाठवला. विकणाऱ्यांनी आधी टाळाटाळ केली, मग चक्कीच्या आत चढू दिलं. पाती ज्या मोठ्या बेअरिंगवर फिरतात ते तडकलं होतं, आणि तसलंच बेअरिंग ओळीतल्या बहुतेक चक्क्यांमध्ये बसवलेलं होतं. काहींमध्ये चिरा दिसायलाही लागल्या होत्या. फिरत होत्या तोवर फिरत होत्या. आम्ही व्यवहार सोडला.

त्यानंतर कॉनने मला बोलावलं. दार लावून घेतलं. मी मनातल्या मनात खालच्या मजल्यावरची ती बिनखिडकीची खोली पाहून आले.

"खुर्ची तुझी," तो म्हणाला.

"का? मी तर घ्या म्हणून लिहिलं होतं."

"लिहिलं होतंस. आणि मग आम्हा सगळ्यांसमोर स्वतःच्या गुरूला फोन लावलास. मला नसतं जमलं ते. माझा गुरू चोर होता तरी."

मी आभार मानले. बाहेर आले तर हामिश उभा होता. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "अभिनंदन. मनापासून." मी हात हातात घेतला. मनापासून हा शब्द त्याने वेगळा का जोडला, हे मला जिन्यापर्यंत सुटलं नाही. वडिलांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हणजे आता ठरवणारी तू." मी हो म्हणाले. त्यांनी फोन आईकडे दिला.

खुर्ची चांगली आहे. लोक येतात, आपापले प्रकल्प मांडतात, आणि घ्यायचं की नाही हे मला विचारतात. मी आता प्रश्न विचारते, सगळ्यांदेखत, जे दिसेल त्याबद्दल. त्या बाबतीत माझं नावही झालंय. मी सुधारले असं कॉन सगळ्यांना सांगत असतो.

गेल्या आठवड्यात डेसचा फोन आला. त्या बैठकीनंतर आम्ही बोललो नव्हतो.

"रविवारी जेवायला ये," तो म्हणाला. "नेरिडा कोकराचा रोस्ट करतेय." नेरिडा त्याची बायको. माझ्या पहिल्या मोठ्या खटल्याच्या वेळी तिने मला आठवडाभर घरी ठेवून घेतलं होतं, कारण माझ्या भाड्याच्या खोलीत हीटर नव्हता.

"का बोलावतोयस?" मी सरळ विचारलं.

"का म्हणजे? बोलावतोय." त्याला खोकला आला. तो थांबेपर्यंत मी वाट पाहिली. "डिसेंबरात फर्म सोडतोय मी. घरात बसून राहायची सवय करतोय. तू आलीस तर बरं वाटेल, दुसरं काही नाही."

दुसरं काही नाही, तो म्हणाला. मी तरी हो म्हणाले. आणि म्हणताना खरंच जायचं होतं, नेरिडाच्या हातचा तो रोस्ट, मागच्या अंगणातलं ते लिंबाचं झाड, डेसच्या त्याच त्या गोष्टी, सगळं एकदम हवंसं वाटलं. मला त्याची आठवण येते. हे मी कोणाला बोलले नाही.

फोन ठेवला आणि उठून हामिशच्या टेबलाशी गेले. "ऑर्चर्डच्या फर्मशी सध्या आपला कुठला व्यवहार चालू आहे?"

त्याने पडद्यावर शोधलं. "एकही नाही."

"येत्या काही महिन्यांत येणारा?"

"नाही."

"नीट बघ."

त्याने पुन्हा पाहिलं, खालपर्यंत. मग खुर्ची माझ्याकडे वळवली. "पिप, काहीच नाहीये. का गं?"

मी माझ्या खोलीत परत आले, दार लावलं, आणि डेसला फोन करून रविवारी जमणार नाही म्हणून सांगितलं. एखादा व्यवहार असता तर मी गेले असते. त्याला माझ्याकडून काय हवंय ते निदान मला कळलं असतं.